शब्द कळला, पण तो म्हणायचा कोणाला? बोलीतल्या मराठीत नव्याने येणाऱ्यांसाठी

"काल पार पोपट झाला रे. सगळी फिल्डिंग लावून ठेवली होती आणि ऐन वेळी पक्याने कल्टी मारली."

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने हे वाक्य वहीत उतरवून आणलं होतं. त्याला पोपट माहीत होता, फिल्डिंग माहीत होती, मारणे हे क्रियापद तर पहिल्याच आठवड्यात झालं होतं. तरी ऑफिसात सगळे हसले तेव्हा तो एकटा गप्प बसला. मी पुण्यात मोठ्या माणसांना मराठी शिकवते. काही जण दुसऱ्या राज्यांतून आलेले असतात, तर काहींच्या घरी मराठी असूनही शाळा महाराष्ट्राबाहेर झालेली असते. काही चक्क मराठी असतात, फक्त जिल्हा बदललेला असतो. मी स्वतः त्या तिसऱ्या गटातली, अमरावतीहून आलेली. या सगळ्यांची अडचण एकच असते. पुस्तकातली मराठी येते, पण कट्ट्यावरची मराठी डोक्यावरून जाते.

वरच्या वाक्याचा अर्थ असा: आपण मोठ्या आशेने सगळी जमवाजमव केली होती, पण प्रकाश नावाचा मित्र शेवटच्या क्षणी सटकला आणि चारचौघांत फजिती झाली. अर्थ सांगायला एवढा वेळ पुरतो. हे शब्द कोणापुढे बोलायचे, हे कळायला मात्र महिने लागतात, म्हणून हा लेख पायऱ्यापायऱ्यांनी लिहिते आहे. क्रम मोडू नका. शब्दांची यादी चौथ्या पायरीवर आहे आणि ती मुद्दामच तिथे ठेवली आहे.

पहिली पायरी: शब्दाआधी हाक ऐका

मराठीत माणसाला हाक मारायच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत: अरे, अगं आणि अहो. कोणताही बोली शब्द कानावर पडला की आधी त्याच्या आगेमागे यांतलं काय आहे ते बघा. "अरे येड्या, इकडे ये" यात माया असू शकते. "अहो, येड्यासारखं काय करताय" हे भांडण आहे. शब्द तोच आहे, हाक बदलली की त्याची धार बदलते. ज्याला तुम्ही "अहो" म्हणता त्याच्याशी बोलताना बोली शब्द वापरूच नका, हा पहिल्या सहा महिन्यांचा नियम धरा. "अरे" आणि "अगं" जिथे दोन्ही बाजूंनी चालतं, तिथेच पुढचं सगळं लागू होतं. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं. साहेब तुम्हाला "अरे" म्हणतात आणि तुम्ही त्यांना "सर" म्हणता, हे मैत्रीचं नातं झालं नाही.

जाता जाता, "अहो" हे नावही होतं. "आमचे अहो उशिरा येणार आहेत" असं एखादी बाई म्हणाली तर ती नवऱ्याबद्दल बोलते आहे. नवऱ्याचं नाव न घेण्याच्या जुन्या रीतीतून ही हाकच त्याचं नाव होऊन बसली. आजच्या मुली नवऱ्याला नावाने हाक मारतात, तरी "माझे अहो" हे लाडाने म्हणतातच.

मग प्रत्येक भागाची आपली खास हाक असते. नागपूर-अमरावतीकडे "बे": काय बे, काऊन बे (का रे). कोल्हापुरात "भावा" आणि "मर्दा". सोलापूर-सांगलीकडे "लगा". नाशिक-खानदेशात "भो". मालवणीत मुलाला "झिला", बाईला "गो". या हाका त्या त्या मातीत अगदी साध्या असतात, पण बाहेर नेल्या की बिथरतात. मी पुण्यात आले तेव्हा पहिल्याच नोकरीत एका वयाने मोठ्या सहकाऱ्याला सहज "नाही बे" म्हणून गेले. आमच्याकडे समवयस्कांत दिवसातून शंभरदा म्हणतात, जीभ वळलेली होती. त्यांना तो सरळसरळ अपमान वाटला आणि ते दोन दिवस बोलले नाहीत. मी जाऊन सांगितलं की हा आमच्याकडचा शब्द आहे, तुम्हाला कमी लेखायचं नव्हतं. तेव्हा कुठे ते निवळलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी आधी विचारते, तू मराठी कोणत्या गावची ऐकत वाढलास?

तसंच "पोट्टे". विदर्भात पोट्टे म्हणजे नुसती मुलं, पोट्टी म्हणजे मुलगी. त्यात शिवी शोधू नका.

दुसरी पायरी: नात्याचे शब्द नात्याबाहेर कसे चालतात

अनोळखी माणसाला मराठीत नात्याने हाक मारतात, पण प्रत्येक नात्याला एक दुसरी सावली आहे.

"दादा" म्हणजे थोरला भाऊ. रिक्षावाले, बसचे वाहक, दुकानातला मुलगा, सगळ्यांना ही हाक चालते. पण "तो गल्लीतला दादा आहे" म्हटलं की तो गुंड झाला, आणि दादागिरी हा शब्द तिथूनच आला. "भाई"चंही तसंच. मुंबईत "भाई" म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे टोळीवाला येतो, पण पु. ल. देशपांड्यांना त्यांचे जवळचे लोक भाई म्हणत, आणि शेतकरी कामगार पक्षात नेत्याच्या नावाआधी भाई लावण्याची पद्धत आहे. तेव्हा कोण कोणाबद्दल बोलतंय हे कळल्याशिवाय अर्थ ठरवू नका.

"मामा" सगळ्यात फसवा आहे. आईचा भाऊ मामा. चौकातला वाहतूक पोलीसही बोलीत मामा: "पुढे मामा उभा आहे, हेल्मेट घाल." आणि "मला मामा बनवलं" म्हणजे मला फसवलं. पोलिसांबद्दल बोलताना मित्र मामा म्हणतील, तुम्ही पोलिसांशी बोलताना "साहेब" म्हणा.

"बाई" या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं. अहिल्याबाई, जिजाबाई, लक्ष्मीबाई यांतला "बाई" आदराचा आहे. मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिक्षिकेला "बाई" म्हटलं गेलं, आणि ज्यांना चांगल्या बाई लाभल्या त्यांना या शब्दाइतका गोड शब्द नाही. हाच शब्द "कामाची बाई" यात येतो तेव्हा माणसाचं नावच गिळून टाकतो. मी नवीन लोकांना सांगते, घरकामाला येणाऱ्या स्त्रीचं नाव विचारा आणि पुढे "ताई" लावा. "मावशी"ही सर्रास म्हणतात, पण पस्तिशीच्या बाईला चाळिशीच्या माणसाने मावशी म्हणणं बरं दिसत नाही. शंका असेल तिथे ताई आणि दादा. एवढ्यावर वर्षभर निभावतं.

तिसरी पायरी: टोपणनावांचं व्याकरण

पुरुषांच्या नावाचं मित्रमंडळींतलं रूप बनवायची मराठीची रीत ठरलेली आहे. नावाचा सुरुवातीचा तुकडा ठेवायचा, शेपूट तोडायचं आणि "या" जोडायचा. गणेशचा गण्या, मनोजचा मन्या, सचिनचा सच्या, दिलीपचा दिल्या, अविनाशचा अव्या. सुरुवातीला जोडाक्षर असेल तर ते सोपं होतं, म्हणून प्रकाशचा पक्या. आडनावंही सुटत नाहीत: जोश्या, पाटल्या. सचिन तेंडुलकर शतक करत असताना मराठी घरांतून "तेंडल्या" अशी आरोळी उठायची, त्यात किती प्रेम होतं हे ज्यांनी ऐकलं त्यांना सांगायला नको.

दुसरं रूप "ऊ"चं: राजू, दत्तू, विठू. हे मऊ असतं, घरातलं असतं. मुलींच्या नावांना "ई" लागते, सुमनची सुमी होते, आणि हाक मारताना तीच "सुमे" होते.

या "या"चा स्वभाव समजून घ्या. तो माणसाला लहान करतो. लहान करणं हे लाडाचंही असतं आणि तुच्छतेचंही, आणि कोणतं ते फक्त नात्यावर ठरतं. संत जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात साक्षात विठ्ठलाला "विठ्या" अशी हाक आहे. देवाशी इतकी जवळीक असेल तर देवालाही "या" लागतो. तोच "या" एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या नावाला मागून लावला की उघड अनादर होतो. नवख्या माणसाने कोणाचंही "या"कारी रूप स्वतःहून बनवू नये. तो माणूस स्वतः "मला पक्याच म्हण" असं म्हणेपर्यंत प्रकाशच म्हणा.

उलट्या दिशेची टोपणनावंही आहेत, माणसाला मोठं करणारी: अण्णा, आबा, तात्या, नाना, बापू, अप्पा. ती वयानेच मिळतात असं नाही, पुष्कळदा पाळण्यापासूनच चिकटलेली असतात. म्हणून पंचविशीचा "आबा" भेटला तर चकित होऊ नका. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, पण घरात "बाळ" म्हणत आणि जगाने तेच नाव ठेवलं. डॉ. आंबेडकर "बाबासाहेब" झाले, वि. वा. शिरवाडकर "तात्यासाहेब", सिंधुताई सपकाळ "माई". ही नावं लोकांनी दिलेली आहेत. ती घेताना आवाजात आदर असायलाच हवा, नुसतं "बाबा" किंवा "तात्या" असं तोडून म्हणू नका.

चौथी पायरी: शब्दाचं मूळ पकडा, अर्थ आपोआप राहतो

आता शब्द. मी पाठ करायला देत नाही. शब्द जिथून निघाला ते चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगते.

पाट्या टाकणे. इथली पाटी शाळेतली नाही आणि दुकानावरचीही नाही. माती-खडी वाहायची टोपली म्हणजे पाटी. भरायची, नेऊन ओतायची, परत यायचं. "तो नुसत्या पाट्या टाकतो" म्हणजे जीव न ओतता काम उरकतो. ऑफिसात हा शब्द रोज ऐकाल.

वाट लागणे. वाट म्हणजे रस्ता. "वाट बघतोय" म्हणजे थांबलोय, आणि "वाट लागली" म्हणजे नुकसान झालं, पार बिघडलं. नवे लोक हे दोन हमखास एकमेकांत मिसळतात. मित्राला "मी तुझी वाट लावतो" असा निरोप पाठवलात तर ती धमकी होते.

राडा. मूळ अर्थ चिखल, घाण, पसारा. महापालिकेच्या सूचनांत "राडारोडा टाकू नये" असं असतं, तो बांधकामाचा कचरा. बोलीत राडा म्हणजे हाणामारी, गोंधळ.

बिनधास्त. बिन आणि धास्ती, म्हणजे भीती नसलेला. हा शब्द कुठेही वापरा, आजीसमोरसुद्धा.

चिंधी म्हणजे फाटक्या कापडाचा तुकडा. चिंधी माणूस म्हणजे क्षुद्र, दहावीस रुपयांसाठी हुज्जत घालणारा. "चिंधीगिरी करू नकोस" हे मित्रालाच म्हणता येतं.

फिल्डिंग लावणे क्रिकेटमधून आलं. चेंडू कुठे येणार हे ओळखून माणसं पेरून ठेवायची. बढतीसाठी, लग्नासाठी, तिकिटासाठी आधीपासून केलेली तजवीज म्हणजे फिल्डिंग. क्रिकेटकडे परत जाणारा एक शब्द "खडूस". एरवी खडूस म्हणजे तुसडा, न हसणारा माणूस. पण मुंबईच्या क्रिकेटला खडूस म्हणतात तेव्हा ती शाबासकी असते: विकेट न फेकणारा, समोरच्याला काही फुकट न देणारा खेळ.

टपोरा आणि टपोरी यांत गल्लत करू नका. टपोरे थेंब, टपोरे मोती, टपोरे डोळे, हे सगळं भरदार आणि सुंदर. "टपोरी पोरगा" म्हणजे नाक्यावर उनाडक्या करणारा.

चालू म्हणजे सुरू. "गाडी चालू आहे" ठीक आहे. "तो फार चालू आहे" म्हणजे लबाड आहे.

आकड्यांचे शब्द मला स्वतःला फार आवडतात. दोघांत छत्तीसचा आकडा आहे म्हणजे वैर आहे. का, ते देवनागरीत लिहून बघा: ३६. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. दीडशहाणा म्हणजे गरजेपेक्षा अर्धा जास्त शहाणा. चारसोबीस म्हणजे ठक, कारण १८६० च्या भारतीय दंडसंहितेत फसवणुकीचं कलम ४२० होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली, पण माणसं अजून चारसोबीसच आहेत. "तो पक्का तीनशे अठरा आहे" असं मी तरी अजून ऐकलं नाही.

इतिहासही असाच बोलण्यात उतरतो. एखादी गोष्ट पुरती फसली की "पानिपत झालं". तुम्ही कोणाला "विश्वास ठेव" म्हणालात आणि उत्तर आलं, "विश्वास तर पानिपतात गेला", तर गोंधळू नका. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत पेशव्यांचा मुलगा विश्वासराव मारला गेला. अडीचशे वर्षं उलटली तरी त्याच्या नावावरची ही कोटी घरोघरी चालते.

पुराणातली तयार विशेषणंही ओळखून ठेवा, ती सभ्य बोलण्यातही चालतात: भांडणं लावणारा कळीचा नारद, सतत चिडणारा जमदग्नी, झोपाळू कुंभकर्ण, काड्या घालणारा शकुनी.

बाकीचे झरझर: भारी म्हणजे उत्तम, लय भारी म्हणजे त्याहून उत्तम, नाद खुळा ही कोल्हापूरची दाद, सुमडीत म्हणजे गुपचूप, झोल आणि लोचा म्हणजे गडबड, पकवणे म्हणजे कंटाळा येईपर्यंत बोलणे, कट्ट्यावर पडीक असणे म्हणजे तासन्‌तास तिथेच बसून राहणे, विषय सुटला म्हणजे पास झालो, उडाला म्हणजे नापास.

मूळ शोधायचा छंद लागला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा "महाराष्ट्र शब्दकोश" (१९३२ ते १९३८, सात विभाग) हे दोन जवळ ठेवा. आज ज्याला आपण टवाळ शब्द समजतो, त्याचा साधा, जुना अर्थ पुष्कळदा तिथे सापडतो.

पाचवी पायरी: हे शब्द तोंडात घेऊ नका

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि इथे मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घेते.

मराठीत "भामटा" म्हणजे फसवणारा, असं सगळे शिकतात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही तो येतो. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा केला, पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली आणि कितीतरी समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, म्हणून हे समाज "विमुक्त". कायद्यातून सुटले तरी भाषेतून सुटले नाहीत. त्याच यादीत छप्परबंद हेही नाव आहे. तरुणांच्या तोंडी असलेला "छपरी" हा शब्द या समाजाच्या नावाशी जोडला जातो. रंगवलेले केस आणि भडक कपडे बघून कोणाला छपरी म्हणताना आपण कोणाचं नाव शिवीसारखं वापरतो आहोत, हे म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. तुम्हाला आता ठाऊक आहे.

जातीच्या नावावरून टोपणनाव पाडणं, मग ते "गंमतीत" असो, कधीही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवाचक बोलून अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मुलींबद्दलचे माल, सामान, आयटम हे शब्द कट्ट्यावर ऐकू येतील. ते कळू द्या, पण वापरू नका, आणि कोणी वापरले तर हसू नका. २०२२ मध्ये मुंबईतल्या एका विशेष न्यायालयाने अल्पवयीन मुलीचे केस ओढून तिला "आयटम" म्हणणाऱ्या तरुणाला दीड वर्षाची शिक्षा दिली. न्यायालयाने हा शब्द मुलीला वस्तू मानणारा ठरवला.

शरीरावरून पाडलेली नावं, टकल्या, ढोल्या, काळ्या, बुटक्या, जुन्या मित्रांत सर्रास चालतात. शाळेपासूनचे असतील तर ते त्यांचं ते बघून घेतील. तुम्ही नंतर आलात. तुमच्यासाठी ही नावं नाहीत.

सहावी पायरी: बोलायला सुरुवात

एक छोटी वही करा. शब्द ऐकला की तीन गोष्टी लिहा: कोणी, कोणाला, आणि त्यावर समोरचा कसा वागला. अर्थ शेवटी लिहा. निदान तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून एकच शब्द ऐकल्याशिवाय तो वापरू नका.

मग पहिला वापर वस्तूंवर करा. "पिक्चर भारी होता", "नेटवर्क बोगस आहे". वस्तू रागावत नाहीत. दुसरा वापर स्वतःवर: "माझा पोपट झाला", "मी आज पाट्या टाकतोय". लोक खुलतात, कारण तुम्ही त्यांच्या भाषेत शिरलात आणि कोणाला दुखावलंही नाही. दुसऱ्या माणसावर शब्द टाकायची वेळ सगळ्यात शेवटी येते, आणि तेव्हाही तो समोर असताना. पाठीमागे बोललेला गमतीचा शब्द पोचेपर्यंत चहाडी झालेला असतो.

वय बघा. पन्नाशीच्या माणसासमोर "विषय हार्ड" (म्हणजे जबरदस्त) म्हणालात तर त्याला समजावून सांगावं लागेल, आणि समजावून सांगितलेल्या शब्दात दम राहत नाही. त्यांच्या पिढीचा "सॉलिड" तुमच्या मित्रांत जुनाट वाटेल.

मुलांच्यात बसलात तर "च"ची भाषाही कानावर येईल. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा: मला म्हणजे "चलाम", कसा म्हणजे "चसाक". एक संध्याकाळ त्यांच्यासोबत घालवा, जीभ मराठी उच्चारांना सरावते.

चूक झालीच तर सारवासारव करू नका. "मला या शब्दाचा अर्थ नीट माहीत नव्हता, चुकलं" एवढं म्हणा आणि खरा अर्थ त्या माणसालाच विचारा. माझ्या त्या वयाने मोठ्या सहकाऱ्यांनी मला नंतर कितीतरी पुणेरी शब्द शिकवले, "पडीक" त्यातलाच.

आणि एक दिवस असा येईल की तुमचं नाव रमेश असेल आणि मागून कोणीतरी "ए रम्या" म्हणून ओरडेल. तेव्हा वळून "हो, बोला" म्हणू नका. "काय रे" म्हणा.